झाडापाशी लिहिलेलं नाव: नागपुरात बसून ऑस्ट्रेलियन सैनिकाचा शोध कसा घ्यावा

मेलबर्नच्या पश्चिमेला मेल्टन आहे, माझा मुलगा तिथं राहतो. तिथून बॅकस मार्शला निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना एल्मची जुनी झाडं लागतात. फांद्या वर एकमेकींत शिरून रस्त्यावर मांडव झालेला असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आपल्याकडे जुन्या रस्त्यांना कडुनिंब आणि चिंच असते तशीच ही सावलीसाठी लावली असतील. चेरी घ्यायला गाडी थांबवली तेव्हा एका झाडापाशी पाटी दिसली. पाटीवर एका माणसाचं नाव होतं. पुढच्या झाडापाशी दुसऱ्याचं. १९१८ साली लावलेली ही २८१ झाडं, आणि एकेक झाड त्या भागातून पहिल्या महायुद्धाला गेलेल्या एकेका माणसाचं.

फेब्रुवारीत नातवाला शाळेत काम मिळालं: आपल्या भागातल्या स्मारकावरचं एक नाव निवडा आणि तो कोण होता ते २५ एप्रिलच्या, म्हणजे तिकडच्या ॲन्झॅक दिनाच्या (युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनाच्या) आधी वर्गाला सांगा. त्यानं त्या चेरीच्या दुकानाजवळच्या झाडाचं नाव निवडलं. "आजी, हा कोण असेल?" मी नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत ३१ वर्षं इतिहास शिकवला. मुलानं असं विचारल्यावर मला बसवत नाही. मार्चमध्ये माझा व्हिसा संपला, मी परत आले, आणि उरलेला सगळा शोध त्रिमूर्तीनगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर पूर्ण केला. त्यानंतर आजवर ११ नावं शोधली, बहुतेक नागपूरच्याच घरांसाठी, ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत आणि ज्यांना शाळेतून असंच काम येतं. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आमचे हे पहिल्या आठवड्यात म्हणाले, "कोण लागते तो तुझा? काहून एवढी रात्र जागून राहिली?" त्याचं उत्तर माझ्यापाशी होतं. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात मजूर पलटणीबरोबर बसऱ्याला गेले आणि आले नाहीत. घरात त्यांचा एक कागद नाही, फोटो नाही, तिथी माहीत नाही. आईच्या तोंडून ऐकलेलं नाव तेवढं आहे. ज्यांचे कागद आहेत त्यांचे तरी कोणीतरी वाचावेत, असं मला फार वाटतं.

पाटी जशी आहे तशी उतरवा

आधी पाटीचा किंवा स्तंभाचा स्वच्छ फोटो काढायला सांगा. नाव, आद्याक्षरं, हुद्दा, पदक, क्रॉसची खूण, जे असेल ते तसंच्या तसं वहीत घ्या. स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी सुधारू नका. आजूबाजूच्या नावांचाही फोटो असू द्या, कारण भाऊ आणि चुलतभाऊ एकाच स्तंभावर सापडतात. आणखी एक गोष्ट स्मारकावरच पाहून घ्या: तिथं फक्त मेलेल्यांची नावं आहेत की गेलेल्या सगळ्यांची? बॅकस मार्शच्या झाडांत परत आलेलेही आहेत. हे ठाऊक नसलं तर मृतांच्या यादीत नाव मिळत नाही म्हणून माणूस आठवडाभर डोकं धरून बसतो.

मी लांब रजिस्टर वापरते. पानावर तीन रकाने: काय सापडलं, कुठं सापडलं, खात्री किती. तिसरा रकाना भरायचा कंटाळा करू नका. तो मी का घातला, तेही सांगते.

माझी चूक

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातून ४,१६,००० हून जास्त लोक भरती झाले. सगळे स्वखुशीनं, कारण सक्तीच्या भरतीला लोकांनी १९१६ आणि १९१७ अशा दोन्ही मतदानांत नकार दिला. त्यांतले सुमारे ६०,००० परतले नाहीत. एवढ्या माणसांत एक साधं आडनाव आणि दोन आद्याक्षरं म्हणजे नागपुरात उभं राहून 'देशमुख, व्ही. आर.' अशी हाक मारण्यासारखं आहे.

मला पहिल्याच तासात नाव मिळालं. आडनाव तेच, आद्याक्षरं तीच, मृत्यू फ्रान्समध्ये. मी सगळं नातवाला पाठवलं. त्यानं चार दिवस खपून मोठा तक्ता केला, रंगवला. मग मी फाइलचं पहिलं पान पुन्हा वाचलं तेव्हा वडिलांच्या पत्त्यावर नजर गेली. पत्ता क्वीन्सलंडचा होता, बॅकस मार्शपासून शेकडो मैल लांबचा. त्या माणसाचा त्या झाडाशी काही संबंध नव्हता. मी रात्रीच फोन केला. पोरगा रडला. मी त्याची माफी मागितली, आणि मनातल्या मनात दोन्ही सैनिकांची मागितली. एकाचं मरण मी दुसऱ्याच्या नावावर लावलं होतं.

तेव्हापासून माझा नियम असा आहे: तीन खुणा जुळल्याशिवाय माणूस पक्का धरायचा नाही. पहिली खूण सैनिक क्रमांक. दुसरी, जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता. तिसरी, त्या गावाशी जोडणारा वेगळ्या ठिकाणचा पुरावा, म्हणजे स्थानिक वर्तमानपत्र, शाळेचा फलक, चर्चचा फलक. क्रमांकावर एकट्यावर विसंबू नका. पहिल्या महायुद्धात प्रत्येक पलटणीची क्रमांकांची माळ वेगळी होती, त्यामुळे एकच क्रमांक कित्येकांचा असतो, आणि अधिकाऱ्यांना तर क्रमांकच नसायचा. क्रमांक नेहमी पलटणीसकट लिहा.

सुरुवात दोन ठिकाणी

पहिलं ठिकाण कॅनबेराचं ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल. त्यांच्या संकेतस्थळावर माणसांचा शोध आहे. रोल ऑफ ऑनर म्हणजे मृतांची यादी; त्यांत सगळ्या युद्धांचे मिळून १,०३,००० च्या आसपास लोक आहेत. एम्बार्केशन रोल म्हणजे जहाजावर चढतानाची यादी. परत आलेला माणूस या दुसऱ्या यादीत सापडतो, आणि तिच्यात धंदा, वय, नातेवाईक, जहाजाचं नाव, निघाल्याची तारीख असं बरंच मिळतं. मृतांसाठी आणखी एक कागद बघायलाच हवा: रोल ऑफ ऑनर सर्क्युलर. युद्धानंतर हा छापील फॉर्म घरच्यांना पाठवला होता. मुलगा कोणत्या गावचा म्हणवायचा, शाळा कोणती, काय काम करायचा, बाहेरून आला असेल तर किती वर्षांचा असताना ऑस्ट्रेलियात आला, असे प्रश्न आहेत आणि उत्तरं आईबापांच्या हातची आहेत. काही फॉर्म मात्र परत आलेच नाहीत.

दुसरं ठिकाण नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ ऑस्ट्रेलिया. त्यांच्या शोधाचं नाव रेकॉर्डसर्च. त्यात नावानं शोधायचा पर्याय निवडा, आडनाव घाला, युद्ध निवडा. पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांची फाइल इंग्रजी बी आणि पुढे २४५५ अशा मालिकेत असते. अशा सुमारे ३,७६,००० फायली आहेत, सगळ्या स्कॅन झालेल्या, आणि घरबसल्या फुकट वाचता येतात. यादीत नावासोबत क्रमांक, जन्मगाव, भरतीचं गाव आणि नातेवाइकाचं नाव दिसतं. फाइल उघडायच्या आधीच तिथं निम्मे लोक गळतात. आडनाव सापडलं नाही तर दुसऱ्या स्पेलिंगनं पाहा, एक अक्षर कमी करून पाहा. खोट्या नावानं भरती झालेलेही होते. कोणी वयानं लहान होता, कोणी घरातून पळून आलेला. फाइलमध्ये दोन्ही नावं मिळतात.

यूएनएसडब्ल्यू कॅनबेरा या विद्यापीठाचा एआयएफ प्रोजेक्ट आहे (एआयएफ म्हणजे ऑस्ट्रेलियन इंपीरियल फोर्स, तेव्हा परदेशी लढायला गेलेलं सैन्य), तिथं एकेका माणसाचा गोषवारा तयार मिळतो. पडताळणीला चांगला, पण गोषवाऱ्यावर थांबू नका.

फाइल वाचताना

पहिलं पान भरतीचं. जन्म कुठला, वय, धंदा, लग्न झालंय का, नातेवाईक कोण. मग उंची, वजन, छाती, रंग, डोळे, केस, अंगावरच्या खुणा. या पानावर एक प्रश्न असतो: याआधी तुम्हाला सैन्यात नाकारलं होतं का, आणि कशासाठी? बरेच जण हा प्रश्न ओलांडून जातात. आमच्या माणसानं, म्हणजे नातवाच्या झाडाच्या खऱ्या सैनिकानं, तिथं 'उंची' असं लिहिलं होतं. १९१४ मध्ये ५ फूट ६ इंचांची अट होती. जून १९१५ मध्ये ती ५ फूट २ इंचांवर आणली. आमचा माणूस ५ फूट ४ इंच, आणि भरतीची तारीख जुलै १९१५. म्हणजे हा आधी एकदा गेला होता, त्याला घरी पाठवलं, अट खाली आल्यावर महिन्याभरात पुन्हा जाऊन उभा राहिला. दोन कोरड्या आकड्यांत एवढं होतं.

मधली पानं सेवेची नोंद. शाईची, घाईतली, संक्षेपांनी भरलेली. केआयए म्हणजे लढताना मृत्यू. डीओडब्ल्यू म्हणजे जखमांनी मृत्यू. जीएसडब्ल्यू म्हणजे गोळीची जखम, आणि पुढे शरीराचा भाग. टीओएस म्हणजे पलटणीच्या पटावर घेतला. एडब्ल्यूएल म्हणजे परवानगीशिवाय गैरहजर. आरटीए म्हणजे ऑस्ट्रेलियाला परत. पीयूओ म्हणजे कारण न कळलेला ताप. एनवायडी म्हणजे रोगाचं निदान अजून झालेलं नाही.

अक्षर लागत नसेल तर मी जुनी मोडीची युक्ती वापरते. भोसलेकालीन कागद वाचता यावेत म्हणून मी मोडी शिकले. तिथं आमच्या सरांनी सांगितलं होतं की न लागणाऱ्या शब्दाशी झगडू नका. त्याच हाताचा लागलेला शब्द शोधा आणि त्यातली अक्षरं इकडे ताडून बघा. महिन्यांची नावं, गावांची नावं, 'हॉस्पिटल', 'बटालियन' हे शब्द प्रत्येक पानावर असतात. एका कारकुनाचा एच आणि बी ओळखीचा झाला की निम्मं पान सुटतं. एकाच पानावर तीन-चार कारकुनांचे हात असतात, तेवढं लक्षात ठेवा. स्कॅन फोनवर वाचू नका. मी सीताबर्डीला नेऊन महत्त्वाची पानं मोठी करून छापून आणते आणि त्यांवर पेन्सिलनं खुणा करते.

त्या पानांत दंडाच्या नोंदी असतात, गुप्तरोगाच्या इस्पितळाच्या नोंदी असतात. त्या खोट्या नाहीत, आणि लपवायच्याही नाहीत. पण अकरा वर्षांच्या मुलाच्या तक्त्यावर त्या घालायची गरज नाही. त्या माणसाचे नातेवाईक त्याच गावात राहत असू शकतात. या लेखात आमच्या माणसाचं नाव दिलं नाही तेही त्यामुळेच.

फाइल मागून वाचा

मी सगळ्यांना एक आग्रहानं सांगते. फाइलची शेवटची पानं आधी उघडा. तिथं बहुधा घरच्यांची पत्रं असतात, त्यांना गेलेली उत्तरं असतात, आणि सामानाची यादी असते.

आमच्या माणसाच्या आईची चार पत्रं आहेत. पहिल्यात ती विचारते की तार आली, पण नक्की काय झालं? दुसऱ्यात विचारते की त्याचं सामान कधी येईल? तिसऱ्या पत्राआधी कचेरीचा एक छापील कागद आहे. पदकं कोणाला द्यायची याचा क्रम ठरलेला होता आणि त्यात बाप आईच्या आधी यायचा. म्हणून त्या कागदात विचारलं आहे: सैनिकाचे वडील हयात आहेत काय? तिचं उत्तर दोन ओळींचं आहे. वडील तो सात वर्षांचा असताना गेले, त्याला मीच वाढवलं. चौथं पत्र १९२२ चं, कांस्याचा स्मृतिफलक मिळाल्याची पोच. अक्षर पहिल्या पत्रापेक्षा कापरं झालेलं.

सामानाची यादी अशी: पत्रं, दोन फोटो, पाकीट, चाकू, शिट्टी. नातवानं लगेच विचारलं, "शिट्टी कशाला?" मला सांगता आलं नाही. वहीत लिहिलं: शिट्टी, कारण माहीत नाही.

तुमच्या फाइलमध्ये असा एक तरी शब्द निघेल, ज्याचा लढाईशी संबंध नाही. तो बाजूला लिहून ठेवा.

कसा गेला

हरवलेल्या आणि जखमी माणसांची चौकशी करायला रेड क्रॉसनं कचेरी उघडली होती. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान अल्फ्रेड डीकिन यांची मुलगी व्हेरा डीकिन हिनं ती आधी कैरोला आणि मग लंडनहून चालवली. तेव्हा ती पंचविशीच्या आतबाहेर होती. तिचे लोक इस्पितळांत खाटेखाटेपाशी जाऊन विचारायचे, याला शेवटचा कोणी पाहिला? सोबत्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं टिपलं. या फायली वॉर मेमोरियलच्या संकेतस्थळावर आहेत. सैनिकी फाइलमध्ये जिथं तीन अक्षरं असतात तिथं इथं माणसं बोलतात: तो माझ्या डाव्या हाताला होता, बुटका, सगळ्यांचा आवडता.

सांभाळून वाचा, कारण साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. एक म्हणतो गोळा जवळ पडला, दुसरा म्हणतो मशीनगन. खाटेवरचा माणूस आठवड्यांनी, कधी महिन्यांनी आठवून सांगतोय. सगळ्या साक्षी वहीत उतरवा, एक निवडू नका. मुलाला सांगताना तर "सोबत्यांनी वेगवेगळं सांगितलं" हेच सांगा. मुलांना ते पटतं.

आमचा माणूस ऑगस्ट १९१६ मध्ये फ्रान्समधल्या पोझिएरला मारला गेला. २३ जुलैला ऑस्ट्रेलियन तिथं शिरले आणि सात आठवड्यांच्या आत मेलेले, जखमी, हरवलेले मिळून त्यांच्या लोकांचा आकडा सुमारे २३,००० झाला. कोणत्या दिवशी काय झालं हे पलटणीच्या युद्धदैनंदिनीत मिळतं. पहिल्या महायुद्धाच्या दैनंदिन्यांची मालिका एडब्ल्यूएम ४, दुसऱ्याची एडब्ल्यूएम ५२. साध्या शिपायाचं नाव तिथं मिळणार नाही, पण हवा कशी होती, जेवण पोचलं का, मारा किती तास चालला, हे मिळतं. मृत्यूच्या तारखेच्या आधीचे दहा दिवस वाचा. फक्त तो एक दिवस वाचलात तर माणूस मरायलाच तिथं आला होता असं वाटायला लागतं.

हरवलेल्यांच्या तारखेबद्दल आणखी सांगते. ज्याचं प्रेत मिळालं नाही त्याच्याबद्दल पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षभरानं चौकशी बसायची आणि ती मृत्यूची तारीख ठरवायची. फ्रोमेलला १९ जुलै १९१६ च्या रात्री ऑस्ट्रेलियाचे ५,५३३ लोक पडले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्यांतल्या कितीतरी घरांना महिनोन् महिने फक्त 'बेपत्ता' एवढंच कळलं होतं. त्याच रणांगणाजवळ फेझंट वुडला २५० जणांचे सांगाडे सापडले. त्यांना २०१० पर्यंत वेगवेगळ्या कबरी मिळाल्या आणि नातेवाइकांच्या डीएनएवरून कित्येकांची नावं परत मिळाली. आपल्याकडे तिथी माहीत नसलेल्यांचं श्राद्ध सर्वपित्रीला करतात. ते मी वाचताना माझ्या मनात तेच होतं.

कबर किंवा दगडावरचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत मिळतं. कबर नसलेले तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत लोन पाइनला, बेल्जियममध्ये मेनिन गेटला, फ्रान्समध्ये व्हिले-ब्रेतोनोला. आमच्या माणसाचं नाव व्हिले-ब्रेतोनोला आहे. कबर असेल तर दगडाच्या तळाशी घरच्यांनी दिलेली ओळ वाचा. त्यांना ६६ अक्षरांची मर्यादा होती, मोकळ्या जागा धरून. एका आईनं त्यात काय बसवलं ते बघा.

शिट्टीचं उत्तर

ट्रोव्ह हे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं भांडार. जुनी वर्तमानपत्रं त्यात स्कॅन केलेली आहेत, लहान गावांचीसुद्धा. 'बॅकस मार्श एक्सप्रेस' तिथं आहे. मी रोज सकाळी चहानंतर एक तास वाचायची.

शोधताना पूर्ण नाव टाकू नका, कारण तेव्हाच्या बातम्यांत पूर्ण नाव क्वचित छापायचे. आद्याक्षर आणि आडनाव अवतरणचिन्हांत, सोबत गावाचं नाव. मग 'प्रायव्हेट' चा संक्षेप लावून. मग आईच्या नावानं, म्हणजे 'मिसेस' आणि आडनाव. वर्षांची चाळणी लावा, पण युद्धाच्या वर्षांवर थांबू नका. १९०५ ते १९१४ वाचा. मृत्यूनंतरच्या प्रत्येक वर्षाची ती तारीखही वाचा, कारण घरचे त्या दिवशी स्मरणाची चार ओळींची जाहिरात द्यायचे. आमच्या माणसाच्या आईनं ती नऊ वर्षं दिली. दहाव्या वर्षी नाही. का ते दोन महिन्यांनंतरच्या अंकात सापडलं, तिच्या मृत्यूच्या बातमीत.

यंत्रानं वाचलेला मजकूर चुकलेला असतो. 'ई' चा 'सी' होतो, आडनाव तुटतं. तुम्हाला चूक दिसली तर तिथंच सुधारता येते, नागपुरातूनही. मी आतापर्यंत शेकडो ओळी सुधारल्या. पुढच्या माणसाला तो शब्द सापडेल, हे कळल्यावर मला ते काम फार आवडतं.

आणि मे महिन्यातल्या एका सकाळी १९१३ चा अंक. शनिवारच्या फुटबॉलच्या सामन्याची बातमी. शेवटच्या ओळीत, पंच म्हणून काम कोणी केलं आणि चोख केलं, तिथं आमच्या माणसाचं नाव. पुढच्या महिन्यात पुन्हा. पुढच्या हंगामातही. ठेंगणा म्हणून सैन्यानं परत पाठवलेला माणूस उंच उंच गड्यांच्या मध्ये शिट्टी घेऊन पळत होता. ती शिट्टी त्यानं फ्रान्सपर्यंत नेली. २५ एप्रिल केव्हाच होऊन गेला होता, वर्गातलं काम संपलं होतं. तरी मी नातवाला लगेच फोनवर बोलवायला लावलं.

दुसऱ्या महायुद्धाचा शोध

हा थोडा सोपा आहे. भरती १० लाखांच्या घरात, पण क्रमांकातच खूण आहे: व्हीएक्स म्हणजे व्हिक्टोरिया, एनएक्स म्हणजे न्यू साउथ वेल्स, क्यूएक्स म्हणजे क्वीन्सलंड, आणि एक्स याचा अर्थ परदेशी लढायला गेलेलं सैन्य. फायली बी ८८३ मालिकेत, आणि देशातल्या नागरी सैन्याच्या बी ८८४ मध्ये. फाइल स्कॅन झालेली नसेल तर तिथूनच मागणी करता येते. जपान्यांनी पकडलेल्यांत ऑस्ट्रेलियाचे सुमारे २२,००० होते आणि त्यांतले ८,००० च्या आसपास कैदेत मेले. त्यांच्या फायली वाचायला मन घट्ट करावं लागतं. लहान मुलाला देऊ नका, आधी आपण वाचा.

"आपल्यासारखं कोणी होतं का?"

हा प्रश्न नातवानं दुसऱ्या वर्षी विचारला. तिकडे वाढणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाच्या मनात तो असतो, म्हणून उत्तर तयार ठेवा.

होते. नैन सिंग सैलानी शिमल्याला जन्मलेला, ऑस्ट्रेलियन सैन्याच्या ४४ व्या पलटणीत शिपाई, १ जून १९१७ ला बेल्जियममध्ये मारला गेला. रोल ऑफ ऑनरवर त्याचं नाव आहे. अशा माणसांना शोधताना आडनावाच्या जागी 'सिंग' टाका, मग 'सैलानी' टाका, मग उलट टाका. कारकुनांना आपली नावं कुठून सुरू होतात ते कळत नसे. गॅलिपोलीला २५ एप्रिल १९१५ ला ॲन्झॅकांबरोबर, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याबरोबर, उतरलेल्या पहिल्या तोफा आपल्या पहाडी तोफखान्याच्या होत्या, आणि पाणी, दारूगोळा वर नेणारी खेचरं हाकणारेही आपलेच.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो आजच्या इराकमधल्या कुत या गावाचा धागा. ऑस्ट्रेलियाचं पहिलं विमानदळ, ज्याला हाफ फ्लाइट म्हणतात, १९१५ मध्ये मुंबईमार्गे बसऱ्याला गेलं. २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांच्या वेढ्यातलं कुत पडलं तेव्हा त्या दळाचे नऊ यांत्रिक आतच अडकले आणि कैदी झाले. त्याच वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनच्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. एकाच उपासमारीत ऑस्ट्रेलियाचे आणि आपले. त्या नऊ जणांतल्या प्रत्येकाची फाइल आज उघडता येते. बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून जास्त माणसांचं स्मरण आहे, पण तिथं आपल्या साध्या शिपायांची नावं न कोरता संख्या कोरली होती. कमिशननं हा भेदभाव २०२१ च्या अहवालात स्वतः मान्य केला. नातवाला हे मी लपवलं नाही. ऑस्ट्रेलियन माणसाचा शोध घ्यायला शिकवताना, आपल्याकडे तो का घेता येत नाही हेही सांगावं लागतं.

पुण्याला जाणं झालं तर खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जाऊन या. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या परिचारिका १९१६ पासून हिंदुस्थानातल्या इस्पितळांत होत्या, आणि काहींचं इथंच आजारानं मरण झालं. त्यांची चौकशी करायला आपल्याइतकं जवळ कोणी नाही.

स्मरण करताना

२५ एप्रिलला मेलबर्नच्या श्राइन ऑफ रिमेंबरन्स या युद्धस्मारकाची पहाटेची सभा साडेपाचला सुरू होते. तेव्हा तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, म्हणजे इथं रात्रीचा एक. गच्चीवर बसायचं तर नागपुरात त्या वेळीही भिंती तापलेल्या असतात. रोझमेरीची डहाळी तिकडे छातीला लावतात. मी ती घराच्या कुंडीत जगवायचा प्रयत्न केला, आमच्या उन्हाळ्यात टिकली नाही. मग ओट, खोबरं आणि काकवी घालून ॲन्झॅक बिस्किटं करते, अंडं घालायचं नाही. एरवी वॉर मेमोरियलमध्ये रोज संग्रहालय बंद होताना एका सैनिकाची गोष्ट वाचतात आणि बिगुल वाजतो. ते थेट पाहता येतं, आपल्याकडे ती दुपारच्या आसपासची वेळ. मुलांना एकदा दाखवा, गोष्ट कशी सांगायची ते त्यातून कळतं: जन्मगावापासून सुरू करतात.

मुलानं झाडापाशी उभं राहून मोठ्यानं वाचायचं असेल तर एक पान पुरे. नाव, आईचं नाव, काम, आणि लढाईबाहेरची ती एक गोष्ट. मृत्यूला दोन वाक्यं. बाकीचं रजिस्टर जपून ठेवा, आणि त्याची प्रत त्या गावच्या इतिहास मंडळाला पाठवा, रकाने तसेच ठेवून.

गेल्या सर्वपित्रीला आमचे हे तर्पणाला बसले. माझ्या आजोबांच्या भावाचं नाव ते दरवर्षी घेतात. जे आपले बांधव नाहीत त्यांनाही पाणी द्यायचा मंत्र तर्पणात आहे. तिथं आल्यावर ते थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या शिट्टीवाल्याचं नाव काय होतं म्हणाली होती?" मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि उच्चार नीट बसेपर्यंत हातातलं पाणी तसंच धरून ठेवलं.